दाव्याच्या दप्तरातील वंशावळ

मराठी इतिहाससंशोधनाचा पाया ज्या कागदांवर घातला गेला, त्यांतील फार मोठा भाग भांडणांचा आहे. महजर, करीने, निवाडपत्रे ही बहुतांशी वतनाच्या तंट्यांतून जन्मास आली. घरात एकोपा असता, तर पिढ्यांची नावे कोणी लिहवून घेतली नसती. म्हणून न्यायालयीन दप्तराची विश्वसनीयता हा प्रश्न केवळ संशोधनपद्धतीचा नाही. तो समीक्षेचाही आहे. अशा प्रत्येक कागदात कोणीतरी, कोणालातरी पटवून देण्यासाठी, आपल्या कुळाची कथा सांगत असतो.

तंजावरच्या भोसल्यांच्या बाबतीत वंशकथनाच्या दोन तऱ्हा समोरासमोर पाहावयास मिळतात. पहिली शिळेवरची. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात कोरविलेला मराठी शिलालेख हा भोसलेकुळाचा विस्तृत इतिहास होय. परंतु त्याचे सूत्र गादी हे आहे. गादीशी ज्याचा संबंध नाही, त्याला तेथे प्रयोजन नाही. तंजावरजवळ कावेरीतीरी वसलेले तिरुवैयारु हे क्षेत्र त्यागराजांच्या समाधीमुळे सर्वांस ठाऊक आहे. तेथेच सरफोजींचा कल्याणमहाल होता आणि राजाच्या परिग्रहातील स्त्रियांचा तेथे निवास असे. त्यांचा पुत्र शिवाजी यांच्या काळी तंजावरातील मंगलविलासात अशाच स्त्रिया राहत. या स्त्रियांची व त्यांच्या संततीची वंशावळ कोणी शिळेवर कोरली नाही. ती उरली ती दुसऱ्या तऱ्हेत, म्हणजे दाव्याच्या दप्तरात.

१८५५ मध्ये शिवाजीराजे पुत्रहीन वारले आणि १८५६ मध्ये कंपनीने संस्थानाबरोबर खाजगी मिळकतही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली व तेथे त्यांना यशही आले. परंतु १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे राजसत्तेचे कृत्य ठरवून न्यायालयास त्यात अधिकार नाही, असा निर्णय दिला. पुढे १८६२ मध्ये सरकारने खाजगी मिळकत परत केली आणि तंटा राण्याराण्यांत सुरू झाला. १८६८ चा मद्रास हायकोर्टाचा निकाल त्याचाच. यानंतर १९२४ मध्ये ‘कोल्हापूरचे महाराज विरुद्ध सुंदरम् अय्यर’ या खटल्यात मंगलविलासातील स्त्रियांचे वंशज चर्चेस आले. या स्त्रियांचा विवाह कत्ती-कल्याणम् पद्धतीचा, म्हणजे वराच्या जागी कट्यार ठेवून लावलेला. अनौरस पुत्रास पित्याच्या मिळकतीत वाटा शास्त्राने शूद्रांतच मान्य केला होता. त्यामुळे तंजावरचे भोसले क्षत्रिय की शूद्र, हाच वादाचा मर्मबिंदू ठरला. न्यायालयाने त्यांना शूद्र ठरविले.

येथे दप्तराचे सामर्थ्य आणि त्याचा धोका ही दोन्ही एकाच वेळी दिसतात. ज्यांना वंशावळीने वगळले, त्यांची दखल केवळ दाव्याने घेतली. पण ती घेताना प्रत्येक पक्षास आपल्या हिताची जात आणि सोयीचा विवाह सिद्ध करावा लागला. न्यायालयाचा निर्णय वारसाहक्कापुरता अंतिम असतो; इतिहासास तो पुराव्यांपैकी एक पुरावा आहे.

यावरील उपाय खुद्द कायद्यानेच सुचविला आहे. मृत व्यक्तीने नात्याविषयी केलेले विधान वाद उपस्थित होण्यापूर्वीचे असेल तरच ग्राह्य, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने ठरविले. संशोधकाने हीच कसोटी लावावी. फिर्यादीतील कथन, प्रतिपक्षाची कबुली, साक्षीदाराची जबानी आणि न्यायाधीशाचा निष्कर्ष या चार गोष्टी एका मोलाच्या नव्हेत. जे उभय पक्षांनी निर्विवाद मानले, ते सहसा सर्वांत भरवशाचे. आणि जे जबानीत ओघाने आले, वादाशी ज्याचा संबंध नव्हता, ते त्याखालोखाल.

दुसरा विचार भाषेचा. मूळ व्यवहार मोडीत, निकाल इंग्रजीत. या प्रवासात कामाक्षीबाईसाहेब प्रिव्ही कौन्सिलच्या छापील निकालात ‘कामाची बोये साहेबा’ झाल्या. ज्या अभ्यासकास हे नाव ओळखू येत नाही, त्याच्या सूचीतून एक राणी नाहीशी होते. म्हणून छापील निकाल सरस्वतीमहाल ग्रंथालयातील मोडी कागदांशी ताडून पाहणे अपरिहार्य आहे.

शिळा कोरविणाऱ्याला काय सांगावयाचे आहे तेवढेच ती सांगते. दप्तर मात्र प्रतिपक्षाचेही बोलणे जपून ठेवते. तिरुवैयारूच्या महालातील अनामिकांचा शोध ज्याला घ्यावयाचा आहे, त्याने शिळेला वंदन करून दप्तराकडे वळावे. मात्र तेथील प्रत्येक वाक्य कोणी, कशासाठी उच्चारले, हे विचारल्यावाचून त्यावर विसंबू नये.