बळ आणि वाढ : सामूहिक सुपरहीरो-लेखनातील व्यक्तिरेखेचा प्रश्न

मराठी समीक्षेत व्यक्तिरेखेच्या विकासाची चर्चा बहुधा एका लेखकाच्या एका कलाकृतीच्या संदर्भात होत आली आहे. पात्राच्या स्वभावात झालेला बदल हा लेखकाच्या जीवनदृष्टीचा परिणाम असतो, आणि त्या बदलावर त्याचाच एकाधिकार असतो, हे त्या चर्चेतले गृहीत आहे. एकाच कथाविश्वात अनेक लेखक एकाच वेळी लिहीत असतील, प्रत्येकाचे पात्र वेगळे असेल आणि तरीही ती पात्रे एकमेकांच्या कथांत वावरत असतील, तर विकासाचा निर्णय कोणी घ्यायचा? ही पात्रे अतिमानवी बळ असलेली असतील तर प्रश्न आणखी अवघड होतो. कारण बळ वाढले की पात्र वाढले, असा भास निर्माण होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार ‘वाइल्ड कार्ड्स’ या अमेरिकी ग्रंथमालेच्या आधारे करावयाचा आहे. भूमिका-खेळातून जन्मलेले सामूहिक सुपरहीरो-लेखन म्हणून ही माला महत्त्वाची आहे. १९८७ साली तिचा पहिला खंड आला आणि आजवर तीसहून अधिक खंड प्रसिद्ध झाले आहेत.

१. बळाचा हिशेब

भूमिका-खेळात प्रत्येक खेळाडू एक पात्र धारण करतो आणि त्याच्या वतीने बोलतो, निर्णय घेतो. एक जण खेळाचा सूत्रधार असतो. तो प्रसंग उभे करतो आणि इतर सर्व पात्रे वठवतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने या खेळाला रूढ रूप दिले. त्यात पराक्रमाबद्दल अनुभवगुण मिळतात, गुण साठले की पात्र वरच्या पातळीवर जाते आणि त्याचे सामर्थ्य वाढते. अनुभव या शब्दाला येथे अंकगणिती अर्थ प्राप्त झाला, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे. साहित्यात अनुभव माणसाला बदलतो. खेळात तो जमा होतो आणि खर्च करता येतो.

सुपरहीरोंच्या खेळांनी या हिशेबात एक अर्थपूर्ण भर घातली. १९८१च्या ‘चॅम्पियन्स’ या खेळात खेळाडू ठरावीक गुणांतून आपल्या पात्रासाठी शक्ती विकत घेतो. अधिक गुण हवे असतील तर पात्राला उणिवा स्वीकाराव्या लागतात. एखादा हाडवैरी, एखादे परावलंबी माणूस, एखादी मनोविकृती. म्हणजे बळाची किंमत दुबळेपणाच्या रूपात मोजावी लागते. भारतीय वाचकाला यात वर आणि शाप यांची जोडी आठवेल. फरक एवढाच की आपल्या कथांत शाप बाहेरून येतो आणि येथे तो खेळाडू स्वतः पत्करतो. पत्करलेली उणीव केवळ कागदावर राहिली तर ती सवलत ठरते. ती कथेत भोगली गेली तरच तिच्यातून व्यक्तिरेखा घडू लागते.

२. मारण्याची आणि सुधारण्याची बंदी

सामूहिक लेखनाचा प्रश्न याआधीच एका वेगळ्या ग्रंथमालेने स्पष्ट केला होता. रॉबर्ट अ‍ॅस्प्रिन यांनी संपादिलेल्या ‘थीव्ह्ज वर्ल्ड’चा पहिला खंड १९७९ साली आला. एका काल्पनिक नगरीत अनेक लेखकांची पात्रे नांदत होती आणि प्रत्येकाला दुसऱ्याचे पात्र आपल्या कथेत वापरण्याची मुभा होती. अट अशी की ते पात्र मारायचे नाही आणि लक्षात येण्याइतके सुधारायचेही नाही.

मारणे आणि सुधारणे या दोन गोष्टी एकाच निषेधात गोवल्या गेल्या, यात केवळ संपादकीय सोय पाहून चालणार नाही. मूळ लेखकाच्या दृष्टीने दोहोंचा परिणाम सारखाच असतो : त्याला ठाऊक असलेले पात्र उरत नाही. विकास म्हणजे जुन्या माणसाचा एक प्रकारचा मृत्यू, ही जाणीव या नियमाच्या मुळाशी आहे. बळ वाढवणे मात्र त्या मानाने निरुपद्रवी वाटते. पात्राला नवे शस्त्र दिले तर त्याचा मूळ लेखक तक्रार करणार नाही. त्याला पश्चात्ताप दिला तर करील. सामूहिक लेखनात बळाची वाढ सोपी आणि स्वभावाची वाढ दुर्मिळ का असते, याचे एक कारण येथे सापडते.

व्यापारी सुपरहीरो-कथेत हीच बंदी मालकीहक्काच्या रूपाने दिसते. १९३८ साली अवतरलेला सुपरमॅन उडत नव्हता, उंच उडी मारत होता. पुढील दशकांत त्याचे सामर्थ्य इतके फुगले की १९७१ आणि १९८६ साली ते मुद्दाम कमी करावे लागले. या सगळ्या चढउतारांत त्याचा स्वभाव मात्र फारसा हलला नाही. अशा नायकाला कृती तर करावी लागते, पण कृतीमुळे झिजता येत नाही, आणि म्हणून त्याच्या कथेतला काळ स्वप्नासारखा धूसर ठेवावा लागतो, हे उम्बर्तो एको यांनी १९६२च्या निबंधात मार्मिकपणे दाखवले आहे.

३. पत्त्यांचा डाव

‘वाइल्ड कार्ड्स’चा उगम न्यू मेक्सिकोतील अल्बुकर्की येथे आहे. १९८३ साली कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांना ‘सुपरवर्ल्ड’ हा खेळ वाढदिवसाची भेट म्हणून मिळाला. मेलिंडा स्नॉडग्रास, वॉल्टर जॉन विल्यम्स, व्हिक्टर मिलान, जॉन जोस मिलर प्रभृती लेखक त्या खेळात सामील झाले आणि मार्टिन सूत्रधार बनले. खेळात मुरलेल्या या मंडळींनी त्यातूनच ग्रंथमालेची कल्पना काढली. पात्र ज्याचे, हक्क त्याचा. दुसऱ्याला ते वापरायचे तर मूळ लेखकाची संमती हवी, हे तत्त्व येथेही राहिले. मात्र काही खंड असे योजले गेले की सर्वांचे लेखन एकाच अखंड कादंबरीत विणले जावे. त्यामुळे संमती ही औपचारिक परवानगी न राहता सततची वाटाघाट झाली.

मालेचे मूळ गृहीतही जुगाराचे आहे. १५ सप्टेंबर १९४६ रोजी न्यूयॉर्कवर एक परग्रहीय विषाणू पसरतो. ज्यांना त्याची बाधा होते त्यांपैकी शंभरातले नव्वद मरतात; त्यांच्या वाट्याला काळी राणी आली असे म्हटले जाते. नऊ विद्रूप होऊन जगतात, ते जोकर. एकाला अतिमानवी शक्ती मिळते, तो एक्का. शक्ती क्षुल्लक असेल तर दुर्री. येथे बळ गुण साठवून मिळत नाही, कोणत्याही पात्रतेवर मिळत नाही. हाती आलेले पान बदलता येत नाही आणि ते कसे खेळायचे एवढेच माणसाच्या हाती उरते. खेळातला बळाचा हिशेब असा आरंभीच मोडून टाकल्यामुळे लेखकांना बळाऐवजी माणसाकडे पाहणे भाग पडले.

याचे उत्तम उदाहरण रॉजर झेलाझ्नी यांच्या क्रॉइड क्रेन्सनचे आहे. हा शाळकरी मुलगा प्रत्येक दीर्घ झोपेनंतर नवे शरीर आणि नवी शक्ती घेऊन जागा होतो. कधी एक्का, कधी जोकर. कोणत्याही पात्राला मिळाल्या नसतील इतक्या शक्ती त्याला मिळतात. पण प्रत्येक झोप आपल्याला विद्रूप करील किंवा मारून टाकील या भीतीने तो उत्तेजक गोळ्या घेऊन जागा राहतो आणि हळूहळू संशयाने पोखरला जातो. विषाणू आला त्या दिवशी त्याची शाळा सुटली ती कायमची. आपण बीजगणित शिकलो नाही, ही खंत त्याला पुढे सतत सलते. बळाचे अखंड नूतनीकरण आणि बालपणातच थांबलेले शिक्षण यांतला हा विरोध झेलाझ्नी भाष्य न करता मांडतात. बळ बदलत राहिले तरी माणूस जागच्या जागी राहू शकतो, हे इतक्या साध्या तपशिलातून क्वचितच दाखवले गेले असेल.

४. एका साक्षीची तीन रूपे

तरीही सामूहिक लेखनाचे खरे सामर्थ्य एका लेखकाच्या पात्रात दिसत नाही. ते पात्रांच्या परस्परसंबंधांत दिसते. पहिल्या खंडातील तीन कथा या दृष्टीने एकत्र वाचल्या पाहिजेत.

विल्यम्स यांच्या ‘विटनेस’ या कथेचा निवेदक जॅक ब्रॉन आहे. त्याच्या अंगी अफाट ताकद आहे, त्याला इजा होत नाही, त्याचे वयही वाढत नाही. शीतयुद्धाच्या आरंभी अमेरिकी प्रतिनिधिगृहाची चौकशी समिती त्याला बोलावते आणि हा अभेद्य माणूस घाबरून आपल्याच मित्रांविरुद्ध साक्ष देतो. त्याच्या देहाला ज्याचे भय नाही त्याचे भय त्याच्या मनाला आहे. १९८७च्या नेब्युला पुरस्कारासाठी या कथेला नामांकन मिळाले होते. पुढच्याच कथेत स्नॉडग्रास तोच काळ डॉ. टॅकिऑन या परग्रहीय राजपुत्राच्या बाजूने मांडतात. इतरांची मने नियंत्रित करणे ही त्याची शक्ती. त्याची प्रेयसी ब्लाइद समितीपुढे नावे उघड करू लागते, तेव्हा तो तिच्या मनावर ताबा मिळवून तिला थांबवतो आणि त्यात तिचे मन कायमचे भंगते. मार्टिन यांच्या ‘शेल गेम्स’ या कथेत १९६३ साल आहे. टॅकिऑन दारूच्या आहारी गेला आहे आणि त्याची शक्ती अपराधभावाखाली गोठली आहे. त्याला पुन्हा उभे करण्यास टॉम टडबरी कारणीभूत होतो. हा संकोची तरुण जुन्या फोक्सवॅगनला चिलखत चढवून केलेल्या कवचात बसला तरच आपली शक्ती वापरू शकतो.

येथे काय घडते ते पाहू. टॅकिऑनची मालकी स्नॉडग्रास यांची. पण त्याच्या जखमेचे कारण विल्यम्स यांच्या कथेपर्यंत पोचते आणि तिच्यावरचा उपाय मार्टिन लिहितात. ‘थीव्ह्ज वर्ल्ड’ने निषिद्ध मानलेली सुधारणा येथे मूळ लेखिकेच्या संमतीने दुसऱ्याच्या हातून होते. ब्रॉनला पश्चात्ताप व्यक्त करण्याची संधी स्वतःच्या कथेत आहे, परंतु त्याच्या कृत्याचे मोजमाप दुसऱ्याच्या कथेत होते. एकट्या लेखकाला आपल्या पात्राविषयी जी माया असते ती येथे अपुरी पडते, कारण ज्यांना इजा झाली त्यांची बाजू मांडणारे लेखक वेगळे आहेत. तिन्ही कथांत कोणाचेही बळ वाढत नाही. ते निरुपयोगी ठरते, घातक ठरते किंवा गोठते, आणि व्यक्तिरेखा त्याच वेळी वाढते.

महाभारताच्या वाचकाला हे अपरिचित नाही. मौसलपर्वातला अर्जुन द्वारकेच्या स्त्रियांचे रक्षण करू शकत नाही, अस्त्रे त्याला स्मरत नाहीत, आणि तेथेच त्याच्या आयुष्याचा अर्थ नव्याने उलगडू लागतो. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने १९६७ साली या उतरणीकडे मराठी वाचकाचे लक्ष वेधले होते. दोन्हींत साम्य शोधण्याचा मोह आवरता घेऊनही एवढे म्हणता येईल की, बळाच्या ओहोटीत माणूस दिसतो, हे ज्ञान अनेक हातांनी रचलेल्या दोन अत्यंत भिन्न रचनांना स्वतंत्रपणे झाले आहे.

५. मर्यादा

या मालेच्या मर्यादाही नोंदवल्या पाहिजेत. लुइस शाइनर यांचा फॉर्च्युनाटो हा स्त्रियांच्या देहविक्रयावर जगणारा दलाल आहे आणि तांत्रिक संभोगातून तो आपली शक्ती भरून घेतो. तंत्रपरंपरेत शक्ती हे देवीचेच नाव आहे; येथे ती पुरुषाच्या उपयोगाचे इंधन झाली आहे. स्त्रियांच्या वाट्याला नाव येते, चेहरा येतो, पण वाढ येत नाही. नंतरच्या खंडांत फॉर्च्युनाटो शक्ती त्यागून जपानमधील मठाची वाट धरतो. हा बदल अर्थपूर्ण आहे. परंतु ज्यांच्या देहातून ती शक्ती घेतली त्यांच्यापैकी कोणाच्याही नजरेतून त्याचा हिशेब मागितला जात नाही. ब्रॉनच्या बाबतीत सामूहिक लेखनाने जे साधले, ते येथे साधलेले नाही. लेखक अनेक झाल्याने दृष्टिकोन आपोआप अनेक होत नाहीत. ज्यांचा लेखकच नाही अशी पात्रे मुकीच राहतात. ब्लाइदचे उदाहरणही या अंगाने पुन्हा तपासावे लागेल. तिचे भंगणे टॅकिऑनच्या विकासाला कारण होते. तिची स्वतःची कथा तेथेच संपते.

सामूहिक लेखनाचे मूल्यमापन करताना पात्रांच्या सामर्थ्याची चढती भाजणी हा निकष उपयोगाचा नाही. आपल्या पात्राच्या कृत्याचा परिणाम दुसऱ्याच्या लेखणीने लिहू देण्याची तयारी लेखकाने किती दाखवली, हा निकष अधिक फलदायी वाटतो. त्याच्या आधारे ‘वाइल्ड कार्ड्स’चा पहिला खंड मोठा ठरतो. फॉर्च्युनाटोची कथा त्याच निकषावर उणी पडते.