मूर्ती घडवणाऱ्याचे नाव कुठे लिहायचे?

चवथीच्या दोन महिने आधी डिचोली आणि पेडण्यातल्या गणपती घडवणाऱ्या चित्रशाळा गजबजू लागतात. घरोघरचे पाट आधीच पोचलेले असतात, त्यांच्यावर खडूने आडनाव आणि वाडा लिहिलेला असतो. म्हणजे मूर्ती कोणाकडे जायची ते लिहिलेले असते, कोणी घडवली ते लिहायची मात्र पद्धत नाही. वाड्यावर ते सगळ्यांना तोंडपाठ असते म्हणून कोणाला त्याची गरज वाटत नाही. वाड्याची हद्द ओलांडली, की ते नाव संपते. गोव्यातली छोट्या आकाराची मूर्तिकला आज नेमकी इथे उभी आहे. काम भरपूर आहे, कसब आहे, मागणीही आहे. नोंद नाही.

चित्रशाळेत एका मूर्तीवर एकच हात फिरत नाही. माती मळणारा वेगळा, धड उभे करणारा वेगळा. सोंड आणि हात जोडणे हे जाणत्याचे काम. अंगाचा रंग तरुण पोरे मारतात, पण डोळ्यांची आखणी शाळेतला सर्वांत मुरलेला माणूसच करतो, कारण सगळी मूर्ती त्या दोन रेषांवर तरते किंवा पडते. मग मुकुट, भुजबंद, कंठी, परशू, पाश, मोदक, मूषक. यांतले बरेचसे जिन्नस आता साच्यातून निघतात किंवा बाजारातून तयार येतात. खड्यांचे काम आणि कापडी फेटा बसवून देणारे हंगामी कारागीर निराळेच असतात. जिथे मूर्तीच साच्यातली असते, तिथे मूळ नमुना कोणी केला हा प्रश्न आणखी अवघड होतो. साचा विकला जातो आणि त्याच्याबरोबर मूळ हाताचे नावही पुसले जाते. नाव उरते ते फार तर शाळेच्या मालकाचे. दागिने घडवणाऱ्याला तर तेवढेही मिळत नाही.

ही सवय आजची नाही. सोळाव्या-सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंतात कोरलेल्या छोट्या ख्रिस्ती मूर्ती समुद्रापार गेल्या. डोंगरावर बसलेला बाल-मेंढपाळ, त्याच्याभोवती मेंढरे, झरे, पक्षी. वीतभर उंचीत अख्खे विश्व. युरोपातल्या संग्राहकांनी त्या जपल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही त्या आहेत. अशा मूर्तींखाली बहुधा ‘गोवा, सतरावे शतक’ एवढेच वाचायला मिळते. हिंदू कारागिरांनी ख्रिस्ती मूर्ती करू नयेत असे हुकूम त्या काळी निघत होते. ज्या अर्थी असे हुकूम काढावे लागले, त्या अर्थी काम करणारे हात कोणाचे होते याचा अंदाज येतो. हुकूम काढणाऱ्यांची नावे इतिहासात आहेत, कोरणाऱ्यांची नाहीत.

यावर हमखास येणारे उत्तर असे, की देवाच्या कामावर स्वतःचे नाव घालणे आपल्या परंपरेत बसत नाही. हे उत्तर नम्र वाटते, पण खरे नाही. बेलूरचे चेन्नकेशव मंदिर 1117 साली उभे राहू लागले. तिथल्या शिल्पांखाली दासोज, त्याचा मुलगा चावण अशी नावे कोरलेली आहेत. पुढच्या शतकात मल्लितम्म या शिल्पकाराने होयसळांच्या अनेक मंदिरांवर आपले नाव ठेवले. घाटापलीकडच्या त्या शिल्पकारांची भक्ती नाव कोरल्याने उणी झाली, असे कोणी म्हणत नाही. चवथीची मूर्ती विसर्जनाची आहे, तिच्यावर नाव कशाला, हा आक्षेप मात्र विचार करण्यासारखा आहे. त्याला उत्तर सोपे आहे: मूर्तीवर नको, पाटाच्या कडेला लावा, पावतीवर लिहा. पाट विसर्जनानंतर घरीच परत येतो.

चवथीपलीकडे पाहिले तर चित्र याहून विस्कळीत आहे. नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगाव नरकासुर उभे राहतात. त्यांचे कागदी लगद्याचे मुखवटे आता बाजारात सर्रास मिळतात. स्पर्धेतले बक्षीस मंडळ घेते. मुखवट्याचा साचा घडवणारा त्या मंचावर नसतो. शिगम्याच्या चित्ररथांचे तेच. पुराणातला प्रसंग, हलणारे हात, फिरणारी मान, त्यामागची यंत्रणा ही महिन्याभराची मेहनत असते. दुसऱ्या दिवशी पेपरात गावाचे नाव आणि क्रमांक येतो. पेडण्यात आणि शेजारच्या सिंधुदुर्गात रात्र जागवणाऱ्या दशावतारात तर गणपतीचा मुखवटा सर्वांत आधी रंगमंचावर येतो. नटाचे नाव प्रेक्षकांना ठाऊक असते, मंडळाचे असते. मुखवटा, मुकुट, भुजकीर्ती कोणाच्या हातची, हे विचारायचे आपल्याला सुचतही नाही.

शासनाने काहीच केले नाही असे नाही. गोवा हस्तकला महामंडळ मातीच्या मूर्ती करणाऱ्यांना मूर्तीमागे अर्थसाहाय्य देते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या स्वस्त मूर्तींपुढे मातीकाम टिकावे, हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. पण साहाय्य मूर्तींच्या संख्येवर मोजले जाते, त्यामुळे कलाकार दप्तरात आकडा होऊन बसतो. शेजारच्या सावंतवाडीतल्या लाकडी खेळण्यांना आणि गंजिफाला भौगोलिक मानांकन मिळाले. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत पेडणे सावंतवाडीकर भोसल्यांकडेच होते, तेव्हा तिथली गोष्ट आपल्याला परकी नाही. मानांकनाने गावाचे नाव जपले जाते आणि बनावट माल रोखायला आधार मिळतो. त्याच कायद्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून कारागिराला स्वतःच्या नावाने नोंदणी करण्याची सोय आहे. तरी अमुक हत्ती, अमुक फळ कोणी रंगवले, हे त्या मानांकनातून कळत नाही. गावाचा मान वाढला, की माणसाचा आपोआप वाढतो, असे समजणे ही आपल्या कला-धोरणातली मोठी चूक आहे.

कायदा मात्र आपल्यापेक्षा पुढे आहे. 1957च्या कॉपीराइट कायद्यात शिल्प ही कलाकृती मानली आहे, आणि तिच्यात कलागुण आहे की नाही हे पाहण्याचीही अट नाही. म्हणजे वीतभर मूषकालाही ती व्याख्या लागू पडते. नोकरीत केलेल्या कामाची मालकी मालकाकडे जाऊ शकते, पण कलम 57 नुसार ‘हे मी केले’ असे म्हणण्याचा कर्त्याचा हक्क मालकी दिल्यावरही उरतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे विज्ञान भवनातले भित्तिशिल्प 1979 मध्ये उतरवून टाकण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 साली त्यांच्या बाजूने निकाल देताना याच कलमाचा आधार घेतला. साच्यातून काम करणाऱ्यांसाठी एक मेख मात्र आहे. डिझाइन म्हणून नोंदता येण्याजोगे काम नोंदले नाही आणि औद्योगिक पद्धतीने त्याच्या 50हून जास्त प्रती काढल्या, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. कलाकृती कुठे संपते आणि डिझाइन कुठे सुरू होते, यावर वकील भांडत राहतील. साचे विकणाऱ्याने तरी हे कलम ऐकून ठेवावे.

जगातल्या खेळण्यांच्या आणि संग्राह्य पुतळ्यांच्या बाजारात हा प्रश्न बऱ्याच अंशी मार्गी लागला आहे. जपानमध्ये कंपनीच्या मालकीच्या पात्रांचे पुतळे विकतानाही मूळ नमुना घडवणाऱ्याचे नाव एका ओळीत आणि रंगकाम करणाऱ्याचे दुसऱ्या ओळीत देण्याचा प्रघात आहे. कंपनीचा हक्क त्याने कमी होत नाही. उलट ग्राहक शिल्पकाराचे नाव पाहून पुढचा पुतळा घेतात. कायोदो कंपनीत काम करणाऱ्या बोमे या शिल्पकाराचे काम असेच दुकानातून कलादालनापर्यंत पोचले. नावाने कलेला बाजार मिळतो आणि बाजाराने कसब टिकते, हा साधा हिशेब आहे.

आपल्याकडेही नाव मिळाले तेव्हा काय घडले ते पाहा. अलिबागजवळच्या सासवण्यात गणपती घडवणाऱ्या घरात वाढलेला मुलगा पुढे शिल्पकार वि. पां. करमरकर झाला. एका इंग्रज अधिकाऱ्याने त्यांचे काम पाहून ‘हे कोणी केले?’ म्हणून चौकशी केली, त्यातून त्यांची मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट मोकळी झाली. पणजीत आबे फारियाच्या पुतळ्यासमोर रोज लोक फोटो काढतात. तो पुतळा रामचंद्र पांडुरंग कामत या गोमंतकीय शिल्पकाराचा, 1945 सालचा. त्यांच्याइतके तरी नाव डिचोलीतल्या आखणी करणाऱ्याच्या वाट्याला यावे, ही मागणी फार मोठी नाही.

तेव्हा तीन गोष्टी या वर्षीच करता येतील. महामंडळाने अर्थसाहाय्य घेणाऱ्या कलाकारांची यादी तालुकावार, छायाचित्रांसह आणि त्यांच्या संमतीने प्रसिद्ध करावी. प्रत्येक चित्रशाळेने पाटाला चिठ्ठी लावावी: घडवणारा, आखणी, रंग, दागिने, चार ओळी. मातीची म्हणून परराज्यातून येणारी मूर्ती ओळखायलाही ती चिठ्ठी उपयोगी पडेल. नरकासुर आणि चित्ररथ स्पर्धांच्या आयोजकांनी प्रवेश अर्जात मुखवटाकार आणि मूर्तिकार असे दोन रकाने वाढवावेत आणि बक्षीस देताना ती नावे मोठ्याने वाचावीत. यांपैकी कशालाच नवा कायदा लागत नाही, फारसा पैसाही लागत नाही. आणि चिठ्ठी येईपर्यंत वाचकांनी एवढे करावे: यंदा मूर्ती आणायला जाल, तेव्हा पैसे देण्याआधी डोळे कोणी आखले ते विचारा, आणि घरी दर्शनाला आलेल्यांना ते नाव सांगा.