‘कर्म’ आणि ‘काम’

हिंडलग्याहून बेळगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर दररोज सकाळी दोन भाषा कानांवर पडतात. सुस्कारा मात्र एकच असतो. बस चुकली, कापलेले भात पावसात सापडले, मुलगा नापास झाला, की मराठी बाई ‘माझं कर्म!’ म्हणते आणि तिची कन्नड शेजारीणही तोच शब्द उच्चारून कपाळाला हात लावते. वस्तुतः कर्म म्हणजे कृती. ती करणारा कोणीतरी असावयाचा. लोकांच्या तोंडी या शब्दातून कर्ताच नाहीसा झाला आहे व केवळ प्राक्तन उरले आहे. गीतेवरील मराठी ग्रंथांनी या नित्याच्या अर्थाचे काय केले, हे पाहिल्यावाचून त्यांचे मोल ठरवू नये, असे आम्हांस वाटते.

भाषेने आपल्यापुरती एक वाटणी करून टाकली आहे. संस्कृत ‘कर्म’ प्राकृतात ‘कम्म’ झाले आणि मराठीत ‘काम’ होऊन स्थिरावले. तत्सम रूपाकडे रडगाणे आले, तद्भवाकडे राबणे. सावता माळ्याने मळ्यातच विठ्ठल पाहिला तो या दुसऱ्या शब्दाच्या बळावर. आणि बाराव्या शतकात बसवेश्वरादी शरणांनी ‘कायक’ या शब्दाने श्रमाला पूजेच्या पंक्तीस बसविले, हे आम्हां सीमाभागातल्यांस तरी वेगळे सांगावयास नको.

लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात लिहिले गेले व १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यातील ‘कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य’ हे प्रकरण नेमके याच सुस्काऱ्याला उत्तर देणारे आहे. प्रारब्ध मान्य करूनही मनुष्याचे स्वातंत्र्य तेथे निकराने राखलेले दिसते. तथापि टिळकांचा प्रतिपक्षी संन्यासमार्गी शास्त्री आहे, रस्त्यावरची बाई नव्हे. युक्तिवाद अभेद्य खरा, पण तो तिच्या उंबऱ्याशी थांबतो.

विनोबांनी तो उंबरा ओलांडला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी कैद्यांपुढे दिलेली आणि साने गुरुजींनी उतरून घेतलेली ती अठरा प्रवचने घरातल्या व शेतातल्या दाखल्यांनी भरलेली आहेत. त्यांतही चौथ्या अध्यायातील ‘विकर्म’ शब्दाचा अर्थ विशेष पाहण्याजोगा आहे. बहुतेक भाष्यकार विकर्म म्हणजे निषिद्ध कर्म असे समजतात. टिळकांनी विपरीत कर्म असा अर्थ घेतला. ज्ञानेश्वरांनी मात्र तेथे विहित असे विशेष कर्म पाहिले, आणि विनोबा त्या वाटेने आणखी पुढे जाऊन, बाहेरच्या कर्माला मिळालेली मनाची आतली जोड, असा अर्थ करतात. व्याकरणाच्या काट्यावर हा अर्थ थोडा हलका भरेल. आम्ही तरीही तो स्वीकारतो. कारण या अर्थाने ‘कर्म’ पुन्हा ‘काम’ होते.

आमची तक्रार निराळी आहे. कर्त्याने फळाची आस सोडावी, हे कर्त्याने स्वतःस सांगावयाचे असते. पगाराच्या दिवशी मालकाने ते गड्यास सांगितले, तर त्याला गीता कोण म्हणेल? शिवाय या ग्रंथांत कर्त्याचे बंधन आणि कर्त्याची सुटका यांचा जेवढा विचार आहे, तेवढा ज्याच्यावर दुसऱ्याची कृती येऊन आदळते त्याचा नाही. टिळकांचा ‘लोकसंग्रह’ या प्रश्नाच्या दारापर्यंत येतो, इतके म्हणता येईल.

हे आम्हांस सुचले ते पुस्तकातून नव्हे. मागे एका शाळेवर असताना एक मोलकरीण दहावीत नापास झालेल्या मुलाला घेऊन आली. “आमचं कर्म, गुरुजी,” एवढेच ती म्हणाली. आम्ही मान डोलावली. त्या वर्षी दिवाळीपर्यंत वर्गाला गणिताचा शिक्षक नव्हता, आणि वर दोन पत्रे धाडून आम्ही स्वस्थ बसलो होतो.