काँडन अहवाल : पुरावा आणि पूर्वग्रह

प्रस्तावना

उडत्या तबकड्यांच्या संशोधनाचा इतिहास हा बहुतांशी संशोधकांमधील वादांचा इतिहास आहे, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. या वादांच्या केंद्रस्थानी १९६९ चा काँडन अहवाल आहे. अमेरिकन हवाई दलाने १९६६ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठाकडे हा अभ्यास सोपविला. भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड काँडन त्याचे प्रमुख होते. अहवालातील निष्कर्ष व पुरावे यांच्या परस्परसंबंधाची चिकित्सा येथे केली आहे.

वादाचे स्वरूप

प्रकल्प स्वीकारण्यापूर्वीच, ९ ऑगस्ट १९६६ रोजी, पुढे समन्वयक झालेले रॉबर्ट लो यांनी विद्यापीठातील वरिष्ठांसाठी एक टिपण लिहिले. जनतेला अभ्यास वस्तुनिष्ठ वाटावा, शास्त्रज्ञांना मात्र तबकडी सापडण्याची अपेक्षाच न बाळगणाऱ्यांचा तो प्रयत्न वाटावा, अशी मांडणी त्यात सुचविली होती. जानेवारी १९६७ मध्ये खुद्द काँडन यांनीही जाहीर व्याख्यानात आपला नकारात्मक कल बोलून दाखविला. टिपण बाहेर गेल्यावर फेब्रुवारी १९६८ मध्ये डेव्हिड साँडर्स व नॉर्मन लेव्हिन या सदस्यांना काढून टाकण्यात आले. मे महिन्यात ‘लुक’ नियतकालिकाने हे प्रकरण चव्हाट्यावर आणले. डोनाल्ड कीहो यांच्या ‘निकॅप’ संघटनेने सहकार्य थांबविले.

अहवालाची चिकित्सा

पुढील अभ्यासातून विज्ञानाच्या हाती काही लागण्याची शक्यता नाही, हा काँडन यांचा निर्णय अहवालाच्या आरंभीच येतो. अहवालाचा अंतर्भाग मात्र त्याला सर्वस्वी दुजोरा देत नाही. अभ्यासलेल्या घटनांपैकी सुमारे ३० टक्के घटनांचा उलगडा झालेला नाही. इंग्लंडमधील लेकनहीथ येथील १९५६ च्या रडार-घटनेत किमान एक वस्तू खरोखरच अज्ञात असण्याची शक्यता अहवालच बरीच मोठी मानतो. अर्थात, उलगडा न होणे म्हणजे परग्रहवासीयांचा पुरावा नव्हे. कीहो यांनी तर १९५० पासूनच परग्रहवासीयांचा सिद्धान्त हिरिरीने मांडला होता. तात्पर्य, चौकशीपूर्वीच मत बनविण्याचा दोष दोन्ही पक्षांकडे जातो.

निष्कर्ष

या अहवालाच्या आधारे १७ डिसेंबर १९६९ रोजी हवाई दलाने ‘ब्लू बुक’ प्रकल्प बंद केल्याची घोषणा केली. त्यातील १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनिर्णितच राहिल्या. काँडन यांचा निर्णय कदाचित बरोबरही असेल. परंतु तो पुराव्यातून निघाला, असा विश्वास अहवाल निर्माण करू शकला नाही. म्हणूनच त्याचे मूल्यमापन आरंभीच्या सारांशावरून न करता घटनानिहाय प्रकरणांवरून होणे आवश्यक आहे.