पत्र्याखालचा पत्रा

कॉन्सेप्ट गाड्यांबद्दल एक ठरलेली तक्रार असते. प्रदर्शनात फिरत्या चौथऱ्यावर जे दिसतं ते शोरूममध्ये येईपर्यंत मवाळ होतं. चाकं लहान होतात, कॅमेऱ्यांच्या जागी आरसे येतात, धारदार कडा कुणीतरी कानशीनं घासल्यासारख्या गोल होतात. टेस्लाच्या सायबरट्रकबद्दल मात्र अनेकांनी उलटं कौतुक केलं : जी दाखवली, जवळजवळ तीच विकली. मला हे कौतुकच अस्थानी वाटतं. गाडीचं दिसणं टिकलं हे खरं, पण ती तशी दिसण्यामागचं कारण मधल्या चार वर्षांत गळून पडलं. आणि या गाडीच्या बाबतीत कारण हाच तर सगळा मुद्दा होता.

२१ नोव्हेंबर २०१९ला कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नमध्ये ही गाडी पहिल्यांदा लोकांसमोर आली, तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. बहुतेकांना त्या रात्रीचं एकच दृश्य आठवतं. डिझाइनप्रमुख फ्रान्झ फॉन होल्झहाउझननं ‘न फुटणाऱ्या’ काचेवर पोलादी गोळा फेकला आणि काचेला तडे गेले. (पुढे कंपनीनं त्याच तड्याचं स्टिकर विकायला ठेवलं. विनोदबुद्धी म्हणावी की धंदा, हे ज्याचं त्यानं ठरवावं.) पण काचेच्या गमतीत त्या सादरीकरणातला युक्तिवाद झाकला गेला, आणि तो खरोखर चांगला होता.

पारंपरिक पिकअप ट्रकमध्ये खाली शिडीसारखी चौकट असते, तिच्यावर केबिन आणि मागे मालाचा हौदा वेगवेगळे बसवलेले. भार चौकट उचलते; वरचा सगळा पत्रा ती नुसती वाहून नेते. इलॉन मस्कचं म्हणणं असं, की ही चौकट काढून टाकू आणि भार बाहेरच्या कवचालाच उचलू देऊ. खेकड्यासारखं : हाडं बाहेर, मांस आत. ‘स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स’चा पेपर दिलेल्या कुणालाही हे लगेच पटेल. वाकण्याला विरोध करायचा असेल तर माल मध्यापासून जितका लांब ठेवाल तितकं बरं. पोकळ बांबू तेवढ्याच वजनाच्या भरीव काठीपेक्षा ताठ असतो, तो याचमुळे.

मग पुढची पायरी. कवच भार उचलणार तर ते टणक हवं, म्हणून कोल्ड-रोल्ड स्टेनलेस स्टील. ते इतकं टणक, की प्रेसमध्ये दाबून त्याला गोलाई देता येत नाही. वाकवायचं तर घडीच्या आतल्या बाजूनं खोल खाच पाडावी लागते आणि मग सरळ रेषेत दुमडावं लागतं. प्रोटोटाइप असाच घडवल्याचं मस्कनं तेव्हाच सांगितलं होतं. म्हणून ते सपाट पृष्ठभाग, म्हणून डोक्यावरचं ते त्रिकोणी टोक. प्रेस नको, म्हणजे महागडे डाय नकोत. स्टेनलेस आहे, म्हणजे रंग नको. म्हणून किंमत ३९,९०० डॉलरपासून. आकार, धातू, कारखाना आणि किंमत एकाच दोरीत ओवलेली होती. कुणाला गाडी कुरूप वाटली तर वाटो, ती तशी का आहे याचं उत्तर तिच्याकडे होतं. डिझाइनचं कौतुक करताना मी तरी पहिल्यांदा हेच बघतो.

३० नोव्हेंबर २०२३ला ऑस्टिनच्या कारखान्यात पहिल्या गाड्या ग्राहकांना दिल्या गेल्या. नजरेनं तुलना केली तर फरक किरकोळ. लांबी काही इंचांनी कमी. हौदा साडेसहा फुटांचा होता, तो सुमारे सहा फुटांवर आला. सहा आसनांची पाच झाली. आरसे आले, कारण कायद्याला ते लागतात. काचेवर एकच अजस्र वायपर आला. २०१९च्या गाडीवर वायपर दिसतच नव्हता. पाऊस पडतो हे नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं असावं.

खरा फरक नजरेआड आहे. उत्पादनातल्या गाडीत पुढे-मागे ॲल्युमिनियमचे प्रचंड ओतीव भाग आहेत, मधे बॅटरीची पेटी हीच तळाची ताकद आहे, आणि या सांगाड्याला स्टीलचे पत्रे जोडलेले आहेत. म्हणजे मांडणी आजच्या कुठल्याही मोटारीसारखी : हाडं आत, कातडी बाहेर. कातडी जाड आहे, दारावरचा धक्का ती चांगला सोसते, तिला निव्वळ शोभेची म्हणणं अन्यायाचं होईल. पण गाडीचा कणा ती नव्हे.

याचा सगळ्यात बोलका पुरावा मार्च २०२५मध्ये सरकारी कागदांतून आला. छताच्या कडेनं जाणारी स्टेनलेसची पट्टी धावत्या गाडीतून सुटू शकते, म्हणून कंपनीनं अमेरिकेतल्या ४६,०९६ गाड्या परत बोलावल्या. तोपर्यंत बनलेल्या जवळपास सगळ्याच. त्या भागाचं वर्णन मी दोनदा वाचलं. आत प्रेसमध्ये दाबून काढलेला, गंज धरू नये म्हणून लेप दिलेला साध्या पोलादाचा तुकडा; त्याच्यावर गोंदानं चिकटवलेला स्टेनलेसचा पत्रा; आणि हवामानामुळे तो गोंद ठिसूळ होत होता. दाबलेला आणि लेप दिलेला! ज्या दोन गोष्टी टाळण्यासाठी ही गाडी अशी दिसते असं सांगितलं होतं, त्या दोन्ही तिच्या खालच्या पत्र्यात हजर. वरचा पत्रा आता फक्त आठवण करून देतो, की एके काळी असा एक विचार होता.

विचार सोडला आणि आकार ठेवला, की आकाराची किंमत मात्र पूर्ण मोजावी लागते. मोटारीच्या पत्र्याला गोलाई असते ती केवळ सुंदर दिसायला नव्हे. गोलाईमुळे पातळ पत्रा ताठ राहतो आणि एक-दोन मिलिमीटरची चूक नजरेत भरत नाही. सपाट, चकचकीत, सरळ कडेचा पत्रा प्रत्येक चूक उजेडात दाखवतो. म्हणूनच ऑगस्ट २०२३मध्ये मस्कनं कर्मचाऱ्यांना ईमेल लिहून प्रत्येक भाग १० मायक्रॉनच्या आत अचूक हवा असं बजावलं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. एक मीटर लांबीचं स्टेनलेस स्टील तापमान एका अंशानं वाढलं की १६-१७ मायक्रॉननं लांबतं. सकाळी मोजलेला पत्रा दुपारी नापास. हट्ट म्हणून ठीक आहे, पण ज्या आकारानं कारखाना सोपा करायचा होता त्यानंच तो अवघड केला.

किमतीच्या दोरीचीही तीच गत. २०१९ला तीन मोटरींची, ५०० मैलांहून जास्त पल्ल्याची गाडी ६९,९०० डॉलरला सांगितली होती. २०२३ला तीन मोटरींची गाडी आली ती ९९,९९० डॉलरला आणि ३२० मैलांची. उरलेला पल्ला हवा असेल तर हौद्यात जादा बॅटरीची पेटी बसवून घ्या असं सुचवलं गेलं, म्हणजे माल न्यायची जागाच तिला द्यायची. पुढे ती पेटीही रद्द झाली. सर्वांत स्वस्त गाडीचा आकडा ६०,९९० सांगितला होता. ती २०२५मध्ये ६९,९९०ला आली, हौद्याचं मोटरवर चालणारं झाकण आणि एअर सस्पेन्शन काढून, आणि काही महिन्यांत गुंडाळली गेली. मधल्या महागाईनं ३९,९०० चे साठ-सत्तर हजार होत नाहीत. ज्यांनी १०० डॉलर भरून नोंदणी केली, त्यातल्या अनेकांनी ती या आकड्यावर भरवसा ठेवून केली असणार. रूप जसंच्या तसं राखलं म्हणून टाळ्या वाजवताना हे लोक कुणाच्या हिशेबात नसतात.

सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रकार ओळखीचा आहे. डेमोसाठी स्क्रीन आधी बनते, आतली उत्तरं हातानं भरलेली असतात. मग खरं काम सुरू होतं आणि स्क्रीनमागचं सगळं बदलतं. त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा होतं, जेव्हा स्क्रीन तशीच आहे म्हणून आतलं वचनही पाळलं गेलं असं ग्राहकाला वाटू दिलं जातं.

डिलोरीयनशी तुलना नेहमी होते, पण बहुधा रंगापुरतीच. १९८१पासून उत्तर आयर्लंडमध्ये बनलेल्या त्या गाडीचंही स्टेनलेस हे फायबरग्लासच्या अंगावर चढवलेलं होतं, आणि खाली पोलादी कणा होता. तिथेही मूळ प्रोटोटाइपमधली बांधणीची नवी पद्धत उत्पादनात सोडून द्यावी लागली. पण जुजारोनं काढलेला आकार त्या पद्धतीतून निघाला असा दावा नव्हता, त्यामुळे पद्धत गेल्यावर आकार पोरका झाला नाही. सायबरट्रकचा झाला.

गंमत अशी, की या गाडीतलं खरं नवं काम २०१९च्या मंचावर नव्हतंच. चाक आणि स्टिअरिंग यांच्यात दांडा नाही, फक्त तारा आहेत. मागची चाकंही वळतात, त्यामुळे साडेअठरा फुटी धूड अरुंद जागेत सहज फिरतं. मोटारींत अनेक दशकं चालत आलेली १२ व्होल्टची व्यवस्था सोडून ४८ व्होल्ट आणले. तेवढ्याच शक्तीला प्रवाह चौपट कमी लागतो, म्हणून तारा बारीक आणि हलक्या होतात. पिकअपवर परीक्षण लिहिणाऱ्यांनी पानंच्या पानं खर्च करावीत अशी ही गोष्ट. डिसेंबर २०२३मध्ये टेस्लानं ४८ व्होल्टची माहिती इतर मोटार कंपन्यांनाही पाठवली. त्यातलं काहीही वापरायला त्यांना सपाट पत्र्याची गरज पडणार नाही.