मनोरा आणि मंडळी

अमेरिकेतील इंडियाना राज्यात कोलंबस नावाचे एक लहानसे नगर आहे. तेथील प्रॉटेस्टंट पंथीयांचे नॉर्थ ख्रिश्चन चर्च ही वास्तुशिल्पी ईरो सारिनेन यांच्या अखेरच्या रचनांपैकी एक. १९६१ साली ते निवर्तले. मंदिर पूर्ण झाले १९६४ मध्ये.

षट्कोनी आराखडा, सर्व बाजूंनी उतरत आलेले छप्पर आणि त्यातूनच वर झेपावणारा १९२ फुटी निमुळता मनोरा. छप्पर कोठे संपते व मनोरा कोठे सुरू होतो, हे नजरेला उमगत नाही. मनोऱ्याच्या तळाशी असलेल्या झरोक्यातून आत प्रकाश उतरतो. मध्यभागी प्रभुभोजनाचे मेज आणि सभोवती भाविकांची आसने. उपासनेत भाविकांच्या सक्रिय सहभागाचा आग्रह दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली धरला. त्याच्याशी नाते सांगणारा विचार येथे वास्तूतच उमटला आहे.

एवढे असूनही सभासद घटत गेले आणि २०२२ साली तेथील मंडळी विसर्जित झाली. हा दोष वास्तूचा म्हणता येणार नाही. मेजाभोवती आसने मांडणे शिल्पकाराच्या हाती असते. ती भरणे मंडळीच्या. नवे मंदिर बांधावयास निघालेल्या आपल्या धर्मग्रामांनी नकाशा उलगडण्यापूर्वी एवढे ध्यानी घ्यावे.