भरतथेरियमचे दात आणि ‘प्रागैतिहासिक उंदीर’ ही कल्पना

बालाघाटाच्या रांगांवर पसरलेल्या बीड जिल्ह्याचा पाया दख्खनच्या ट्रॅपचा आहे. हे लाव्हाथर एका दमात साचलेले नाहीत. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी झाली, गाळ बसला, आणि त्या अंतरा-ट्रॅपी गाळात जीवांचे अवशेष राहिले. ट्रॅपच्या कडेला असे गाळ विशेषेकरून आढळतात. बेळगाव जिल्ह्यातील गोकाक, तेलंगणातील नस्कल व मध्य प्रदेशातील किसलपुरी येथील गाळांत भरतथेरियम बोनापार्टी ह्या लहान सस्तन प्राण्याचे दात मिळाले. त्याला ‘प्रागैतिहासिक उंदीर’ म्हणणे सोयीचे असले, तरी ते मान्य करता येत नाही.

साधने किती आहेत, हे आधी पाहावे. एकंदर आठ सुटे दात. त्यांत एक पटाशीचा, बाकीच्या दाढा. दाढा मात्र विलक्षण आहेत. त्यांची उंची ६ ते ८.५ मिलिमीटर असून त्यांना बाक आहे. काहींच्या बाजूस सिमेंटने अंशतः भरलेली खोबण व मध्यभागी आत खोल उतरलेली पोकळी दिसते. अशी दाढ पाहून कृंतकांची आठवण होणे स्वाभाविकच. परंतु दाताची घडण कामाची साक्ष देते, कुळाची नव्हे. ह्याच गटातील अर्जेंटिनाच्या सुदामेरिकाचे वर्णन १९८४ मध्ये झाले, तेव्हा त्याला, साशंकपणे का होईना, आर्माडिलो-स्लॉथांच्या गटात बसविले होते!

निर्णायक प्रमाण जबड्याच्या हालचालीचे आहे. चर्वण करताना कृंतकाचा खालचा जबडा जोर लावून पुढे सरकतो, गोंडवानाथेरियांचा मागे. काळही जुळत नाही. हे दात सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे, तर गुजरातेतील वस्तानच्या लिग्नाइट खाणीतील कृंतक सुमारे ५.५ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत.

उंच दाढा म्हणजे गवताचा आहार, हे अनुमानही तपासून घेतले पाहिजे. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथील डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिकताकण असल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे त्या युगात गवत होते, हे निःसंशय. पण ते ह्या प्राण्याने खाल्ले, हे त्यावरून सिद्ध होत नाही. अन्नाबरोबर येणाऱ्या मातीच्या खरेनेही दात झिजतात.

नावाचा वाद किरकोळ होय. २००७ मध्ये दोन संशोधक-गटांनी ह्याच प्राण्याला भरतथेरियम व दक्षिणा अशी दोन नावे दिली, पहिले टिकले. मादागास्करच्या व्हिंटानाची जवळजवळ पूर्ण कवटी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ती ह्या आठ दातांवर बसवून चित्र पुरे करण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे.

आपल्याकडील विद्यार्थ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना. ट्रॅप प्रदेशाच्या घाटांत दोन थरांमध्ये दिसणारा तांबडा पट्टा बहुधा झिजलेल्या लाव्ह्याचा असतो. तो तळ्याचा गाळ नव्हे. दात शोधावयाचे ते तळ्याच्या चिकणमातीत, आणि तेही ती भिजवून बारीक चाळणीतून धुऊन.